हर्टफर्डशायरच्या जन्मनोंदी

बोअर युद्धाच्या काळी (१८९९–१९०२) सैन्यभरतीस आलेले अनेक तरुण शारीरिक दृष्ट्या अपात्र ठरले, तेव्हा इंग्लंडमध्ये बालसंगोपन हा राष्ट्रीय चिंतेचा विषय झाला. हर्टफर्डशायर परगण्यात १९११ पासून एथेल मार्गारेट बर्नसाइड यांच्या देखरेखीखाली अर्भकांचे जन्मसमयीचे व वर्षअखेरचे वजन नोंदले जाऊ लागले.

डेव्हिड बार्कर व त्यांच्या सहकाऱ्यांनी या नोंदी पुढे मृत्युनोंदींशी ताडून पाहिल्या. १९११ ते १९३० या काळात जन्मलेल्या ५,६५४ पुरुषांविषयीचा त्यांचा निष्कर्ष १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. जन्मसमयी व वर्षअखेरीस ज्यांचे वजन सर्वांत कमी, त्यांच्यात हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सर्वांत अधिक आढळले. अर्भकांच्या रक्षणार्थ ठेवलेली वही अशा रीतीने प्रौढांच्या रोगाची साक्षीदार ठरली.

या साधनाच्या मर्यादाही ध्यानात घ्यावयास हव्यात. विवाहानंतर नाव बदलत असल्याने स्त्रियांचा माग काढणे कठीण होते. म्हणून आरंभीचा पुरावा पुरुषांपुरताच राहिला. शिवाय अल्प वजन ही केवळ खूण होय. तिच्यामागे मातेचे कुपोषण, अतिश्रम वा दारिद्र्य असू शकते. तथापि प्रौढपणीच्या रोगाचा सारा दोष रोग्याच्या राहणीवर ठेवणे या पुराव्यानंतर न्याय्य ठरत नाही.