विळी, अडकित्ता आणि यंत्रविद्या

यंत्र हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे कारखान्यातील अवजड चक्रे उभी राहतात. पालघर तालुक्यातील पाम हे गाव तर बोईसर-तारापूरच्या कारखान्यांच्या शेजारीच वसले आहे. देशातील पहिले अणुवीजकेंद्रही १९६९ साली याच टापूत सुरू झाले. परंतु यंत्राची ओळख तेथूनच करून घेऊ जाणे म्हणजे काखेत कळसा नि गावाला वळसा होय. स्वयंपाकघरातील विळी, पानाच्या डब्यातील अडकित्ता आणि शेतातील कोयता हीही यंत्रेच होत.

यंत्रशास्त्र ज्यास पाचर म्हणते तीच धार. पाचर जाडीच्या दसपट लांब असेल, तर घर्षण सोडून दिल्यास तिच्या पाठीवरचा जोर पदार्थ दुभंगताना दसपट होतो. धार लावणे म्हणजे पाचर अधिक निमुळती करणे. अडकित्त्यात तिला तरफेची जोड मिळते: खीळ एका टोकास, हात दुसऱ्या टोकास आणि सुपारी मध्ये. सुपारी खिळीपासून एक इंचावर व हात पाच इंचांवर असल्यास जोर पाचपट होतो. मात्र हातालाही पाचपट अंतर चालावे लागते. विळीची तऱ्हा निराळी. तेथे पाते स्थिर आणि भाजी चालती. पाट पायाखाली दाबला की दोन्ही हात मोकळे राहतात, आणि वाकड्या पात्यावरून भाजी सरकत गेल्याने ती चेंगरत नाही, सुरेख चिरली जाते.

या घराण्याचा इतिहास फार जुना आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे १९६८ पासून उत्खनन झाले. तेथे इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळात नांदलेल्या शेतकऱ्यांची गारगोटीच्या जातीच्या दगडाची बारीक पाती सापडली. तांबे त्यांना ठाऊक होते. पण ते दुर्मिळ असल्यामुळे रोजची कापाकापी दगडावरच चाले. पुढे लोखंड आले. नागपूरजवळ माहुरझरीच्या शिलावर्तुळांत लोखंडी कुऱ्हाडी मिळाल्या, तर नायकुंड येथे लोखंड गाळण्याची भट्टीच मिळाली. दगडाचे पाते बोथटले की टाकून द्यावे लागे. लोखंडाला पुनःपुन्हा धार लावता येऊ लागली. पाचर तीच राहिली, तिचे आयुष्य वाढले.

तरफ, पाचर इत्यादी पाच साध्या यंत्रांची गणना अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने केली ती इसवी सनाच्या पहिल्या शतकात. उतरणीचा नियम स्टेविनने १५८६ साली मांडला. म्हणजे कृती आधी आणि शास्त्र मागाहून, हाच क्रम दिसतो. आमच्या समाजाने मात्र या दोहोंत भिंत घातली. धार लावणाऱ्या लोहारास व विळीवर बसणाऱ्या गृहिणीस आम्ही विद्येच्या पंक्तीस कधी बसविले नाही; उलट तरफेचे सूत्र घोकणाऱ्यास साधा कोयता पाजळता येत नाही. लेथवर लोखंड तासणारे हत्यारही अखेर पाचरच आहे. म्हणून पामच्या शाळेत यंत्रांचा पाठ सुरू होईल तेव्हा कारखान्याच्या चित्राआधी घरची विळी मुलांपुढे ठेवावी. तिचे गणित उमगलेल्या मुलास कारखान्याचे दार परके वाटणार नाही.