संगणकामुळे डोळे थकतात? निळ्या काचेआधी नंबर तपासा

हुबळी-धारवाड : या जुळ्या शहरांत संगणकासमोर दिवस काढणारे आता फक्त आयटीवाले राहिले नाहीत. बँका, उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठातली कार्यालये, आयआयटी, स्पर्धा परीक्षांचे क्लास सगळीकडे स्क्रीन आहे. संध्याकाळ झाली की डोळे चुरचुरतात, कपाळ ठणकते, अक्षरे अंधुक दिसतात. मग दुकानात जाऊन ‘कॉम्प्युटरचा चष्मा द्या’ म्हटले की बहुतेक वेळा निळसर चमक असलेली काच पुढे केली जाते. पैसे घालण्याआधी काही गोष्टी माहीत असलेल्या बऱ्या.

डोळे का थकतात?

माणूस एरवी मिनिटाला साधारण १५ वेळा पापणी मिटतो. स्क्रीनकडे टक लावून पाहताना हे प्रमाण निम्म्याहूनही खाली येते. त्यामुळे डोळ्यांवरचा पाण्याचा थर सुकतो आणि चुरचुर सुरू होते. वरून पंखा किंवा एसीचा झोत तोंडावर असेल तर आणखी त्रास. दुसरे कारण म्हणजे जवळचे पाहताना डोळ्याच्या आतला स्नायू ताणलेला राहतो. तासन्‌तास तसाच राहिला की तो दमतो.

निळ्या काचेचा उपयोग किती?

कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२३ मध्ये १७ चाचण्या एकत्र तपासल्या. निळा प्रकाश अडवणाऱ्या काचांमुळे संगणकाने येणारा डोळ्यांचा थकवा, निदान कमी मुदतीच्या वापरात, साध्या काचांपेक्षा कमी होत नसावा, असे त्यातून दिसले. स्क्रीनमधून येणारा निळा प्रकाश उन्हातल्या निळ्या प्रकाशापेक्षा कितीतरी कमी असतो. ही काच वापरल्याने नुकसान नाही, पण त्रासाचे मूळ तिने जात नाही. काचेवरची चमक खटकत असेल तर साधे अँटी-ग्लेअर कोटिंग पुरते.

चाळिशीनंतरचा घोळ

जवळच्या चष्म्याला मराठीत ‘चाळिशी’ म्हणतात. धारवाडकडच्या कन्नडमध्येही चष्म्याला ‘चाळीसु’ हा शब्द आहे. पण ही चाळिशी पुस्तकासाठी, म्हणजे साधारण ४० सेंमी अंतरासाठी काढलेली असते. संगणक मात्र ६० ते ६५ सेंमीवर असतो. बायफोकलच्या खालच्या भागातून स्क्रीन बघायची तर हनुवटी वर करून बसावे लागते आणि मान धरते. मानेचे दुखणे म्हणून तेल चोळत बसणाऱ्या काहींचे खरे दुखणे चष्म्यात असते.

यावर उपाय सोपा आहे. तपासणीला जाण्याआधी डोळ्यांपासून स्क्रीनपर्यंतचे अंतर टेपने मोजावे आणि ते तपासणाऱ्याला सांगावे. त्या मधल्या अंतराचा वेगळा नंबर काढून मिळतो. या चष्म्यातून दूरचे अंधुक दिसते, म्हणून तो घालून गाडी चालवू नये.

नंबराची चिठ्ठी मागून घ्यावी आणि जपून ठेवावी. त्यावरचे आकडे सगळीकडे एकाच पद्धतीने लिहितात. कोल्हापूरला काढलेला नंबर हुबळीच्या दुकानातही चालतो.

रोजच्या सवयी

• दर २० मिनिटांनी २० फूट, म्हणजे सुमारे ६ मीटर लांब, २० सेकंद पाहावे.
• मुद्दाम पापण्या पूर्ण मिटाव्यात.
• स्क्रीन हातभर अंतरावर ठेवावी. तिची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी.
• खिडकी समोर किंवा पाठीमागे नको, बाजूला असावी. अंधारात नुसत्या स्क्रीनच्या उजेडात काम करू नये.
• अक्षरे मोठी करावीत. त्यात कमीपणा काही नाही.
• हुबळी-धारवाड ये-जा करणाऱ्यांनी चिगरी बसमध्ये मोबाइल खिशात ठेवून खिडकीबाहेर लांब पाहावे. दिवसभर जवळचे पाहून दमलेल्या डोळ्यांना तेवढीच विश्रांती.

हे मात्र करू नका

डोळ्यांत मध किंवा गुलाबपाणी घालू नये, जंतुसंसर्गाची भीती असते. चिठ्ठीशिवाय मेडिकलमधून ड्रॉप्स आणणे त्याहून धोक्याचे. लाली झटकन घालवणाऱ्या काही ड्रॉप्समध्ये स्टेरॉइड असते. ते बरेच दिवस घातले तर डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो आणि त्याने गेलेली नजर परत येत नाही. शिवाय मोतीबिंदूही लवकर येतो.

डॉक्टरांकडे कधी जावे?

नंबर सारखा बदलत असेल तर रक्तातली साखर तपासून घ्यावी. मधुमेह असेल तर काही त्रास नसतानाही वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा दाखवावा. अचानक दिसेनासे होणे, डोळ्यापुढे वीज चमकल्यासारखे होणे, लाल डोळ्यासोबत तीव्र वेदना अशा वेळी त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हुबळीत डॉ. एम. एम. जोशी नेत्र संस्था आहे. सरकारी केएमसीआरआय, म्हणजे लोकांच्या तोंडचे ‘किम्स’, इथेही नेत्र विभाग आहे.

चष्मा नवा घ्यायचा की नाही, हे तपासणीनंतर ठरवावे. बऱ्याच जणांना बरोबर नंबर आणि वर सांगितलेल्या सवयी एवढ्यानेच आराम पडतो.