दाढीच्या साबणाचा फेस आणि गंध

दाढीच्या साबणाचा फेस आणि त्याचा गंध या दोहोंना ‘पारंपरिक’ हे विशेषण सारख्याच सहजतेने लावले जाते. वस्तुतः या दोन गुणांचा इतिहास एक नाही.

फेसाचे कार्य केस भिजते ठेवणे हे होय. दाढीचे केस पाणी शोषून मऊ होण्यास काही मिनिटे लागतात. तेवढा वेळ पाणी चेहऱ्यावर धरून ठेवणारे माध्यम हवे असते. (कामसूत्रात फेनक दर तिसऱ्या आणि श्मश्रुकर्म दर चौथ्या दिवशी सांगितले आहे, तेव्हा फेनक दाढीसाठीच होता असे अनुमान काढणे धाडसाचे ठरेल.) खोबरेल तेलाचा साबण चटकन फेसाळतो, परंतु त्याचे बुडबुडे मोठे व अल्पजीवी असतात. चरबीतील स्टिअरिक आम्लापासून होणारा साबण सावकाश फेसाळतो. त्याचा फेस मात्र सायीसारखा दाट असून लवकर सुकत नाही. नुसत्या सोड्याने असा साबण टणक व कमी विद्राव्य होतो, म्हणून त्यात पोटॅशचा अंश घालतात. साबण होताना चरबीचे नेमके काय होते, हे शेव्ह्रल या फ्रेंच रसायनज्ञाच्या १८२३ च्या ग्रंथाने स्पष्ट केले; कारागिरांचे काम त्यापूर्वीही अडले नव्हते.

गंधाची गोष्ट निराळी आहे. लंडनचा सुगंधी द्रव्यकार सेप्टिमस पीस याच्या १८५५ च्या ग्रंथात दाढीसाठी ‘बदामाची मलई’ दिली आहे. तीत बदाम केवळ वासापुरता; मूळ द्रव्ये डुकराची चरबी व पोटॅश हीच. कडू बदामाचे तेल महाग, आणि शुद्ध न केल्यास त्यात हायड्रोसायनिक आम्ल राहते. त्याऐवजी साबणात नायट्रोबेंझिन वापरले जाऊ लागले. हे मित्शरलिखने १८३४ मध्ये तयार केलेले द्रव्य ‘मिरबान’ या मोहक नावाने विकले जाई. ते त्वचेतून शोषले जाणारे विष आहे, ही गोष्ट त्या नावाआड झाकली गेली.

आज ज्याला न्हाव्याच्या दुकानाचा जुना वास म्हणून ओळखले जाते, त्याचा मोठा आधार कूमारिन हे द्रव्य होय. विल्यम पर्किनने १८६८ मध्ये ते प्रयोगशाळेत सिद्ध केले. लॅव्हेंडर, ओक वृक्षावरील दगडफूल व कूमारिन यांचा मेळ घालून पॅरिसच्या हूबिगाँ या पेढीने १८८२ मध्ये ‘फूजेर रोयाल’ हे अत्तर काढले, आणि तो मेळ पुढे दाढीच्या साबणांत रुळला. ‘फूजेर’ म्हणजे नेचा. नेच्याला सांगण्यासारखा वास नसतो. म्हणजे येथे नाव निसर्गातील वस्तूचे असले तरी गंध सर्वस्वी मानवनिर्मित आहे. लॅव्हेंडर हे नाव ‘धुणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आले असे पुष्कळदा सांगतात. ती व्युत्पत्तीही सर्वमान्य नाही.

विसाव्या शतकात अनेक साबणांतून चरबी गेली व तिच्या जागी पामतेलापासून काढलेली मेदाम्ले आली. स्टिअरिक आम्ल व पोटॅश यांची जोडी मात्र कायम राहिली.