शुक्राणूची शेपटी

विषय थोडा संकोचाचा आहे, मंडळी. पण गाईगुरांच्या बाबतीत शेतकरी जो संकोच धरीत नाही, तो आपणही इथे धरू नये. हा संकोच तसा जुनाच. १६७७ साली हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा कापडाचा व्यापारी लेव्हेनहूक याने लंडनच्या रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांना पत्र धाडले. विद्वानांना किळस येईल असे वाटले तर हे छापू नका, असे त्यानेच त्यात लिहिले होते. स्वतः घासलेल्या भिंगातून त्याला पुरुषाच्या वीर्यात असंख्य जीव वळवळताना दिसले. पाण्यातल्या वाम माशासारखी शेपटी हलवीत ते पुढे जात. असे वीस शुक्राणू ओळीने ठेवले तर जेमतेम एक मिलिमीटर भरेल, आणि त्या लांबीतही बहुतेक शेपटीच!

शेपटी दिसली खरी. पण ती हलते कशाने? हे कळायला जवळजवळ तीनशे वर्षे गेली, कारण साध्या सूक्ष्मदर्शकाची धाव तोकडी. १९५२ साली इंग्लंडात आयरीन मँटन आणि क्लार्क यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली शुक्राणूची शेपटी पाहिली. तीही कोणाची? दलदलीत वाढणाऱ्या स्फॅग्नम नावाच्या मॉसची! कडेने नऊ जोड-नळ्या आणि मधोमध दोन सुट्या, अशी तिची रचना. माणसाच्या शेपटीतही हाच आराखडा आहे. पुढे १९५९ साली स्वीडनच्या आफ्झेलियस यांना त्या जोड-नळ्यांवर बारीक 'हात' दिसले. ते ज्या प्रथिनाचे बनले आहेत त्याला गिबन्स यांनी १९६५ साली डायनीन हे नाव दिले.

आता बांबूच्या दोन ओल्या कांब्या घ्या. बुडाशी घट्ट बांधा, आणि एक कांब दुसरीवरून टोकाकडे रेटा. बूड बांधलेले, म्हणून ती सरळ सरकू शकत नाही, जोडी वाकते. शेपटीत हेच घडते. डायनीनचे हात शेजारच्या नळीला धरून ओढतात. कधी या बाजूचे, कधी त्या बाजूचे. म्हणून लाट उठते. १९७१ साली समर्स आणि गिबन्स यांनी सागरी साळूच्या शुक्राणूंच्या शेपट्यांचे तुकडे घेतले, पाचक रसाने आतली बंधने सैल केली आणि एटीपी हे इंधन दिले. तुकडे वाकले नाहीत, नळ्या एकमेकींवरून सरकत बाहेर आल्या. बांधणी सुटली की वाकणे संपले!

हे हातच नसले तर? १९७५ साली आफ्झेलियस यांच्याकडे मूल न होणारे काही पुरुष आले. शुक्राणू जिवंत, पण हालचाल नाही. शेपटीत डायनीनचे हातच नव्हते. याच माणसांना खोकला-सर्दी कायमची, कारण श्वासनलिकेतले केसही याच रचनेचे. काहींचे तर हृदय उजवीकडे! आपल्याकडे मूल नाही म्हटले की अनेकदा सुनेला आधी बोल लागतो, आणि नवऱ्याची तपासणी करावी हे पुष्कळांच्या मनात येत नाही. १९९२ साली ब्रुसेल्सच्या डॉक्टरांनी एकच शुक्राणू सुईने थेट स्त्रीबीजात सोडून मूल झाल्याचे जाहीर केले. या रीतीत शुक्राणूला पोहावे लागत नाही. तो जिवंत असला की पुरते.