कवकमूल आणि धातुदूषित जमीन : वऱ्हाडच्या संदर्भात

चिखली तालुक्यातील अमडापूरच्या काळ्या शिवारात ज्वारी, तूर, कापूस आणि अलीकडच्या दशकांत सोयाबीन ही पिके दिसतात. या चारही पिकांच्या मुळांशी जमिनीतील कवकांचे साहचर्य असते. अशा साहचर्याला ‘कवकमूल’ या अर्थाची संज्ञा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ ए. बी. फ्रांक यांनी १८८५ साली दिली. त्यांच्याकडे सोपविलेले काम निराळेच होते : जमिनीखाली वाढणाऱ्या ट्रफल या मौल्यवान अळंबीची लागवड कशी करता येईल, हे पाहणे. त्या शोधात वृक्षमुळांवरील कवकाचे वेष्टन हा रोग नसून पोषणाचा मार्ग आहे, हा विचार त्यांच्या हाती लागला. समकालीनांना तो सहजासहजी मानवला नाही. पिकांच्या मुळांतील कवक मात्र वृक्षमुळांवरील या कवकांहून भिन्न गटाचे आहेत. ते मुळाच्या पेशींत शिरून झुडपाप्रमाणे शाखा पसरतात.

पुढे कित्येक दशके अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने स्फुरदावर राहिले. जड धातूंचा प्रश्न उशिरा पुढे आला. १९८१ साली ब्रॅडली, बर्ट आणि रीड यांनी हीदर या माळरानी झुडपावरील प्रयोगांत असे दाखविले की, तांबे व जस्त अतिरिक्त असता कवकयुक्त रोपे तग धरतात आणि धातू बव्हंशी मुळांतच अडकून राहतो. कवक विष ‘खाऊन टाकते’, ही समजूत म्हणूनच चुकीची आहे. मूलद्रव्य नष्ट होत नाही. कवकतंतूंच्या भित्तिकांना धातूचे कण चिकटतात, काही तंतूंच्या रिक्तिकांत साठतात, आणि खोडापानांकडे जाणारा भाग घटतो. तोही नेहमी घटतोच असे नाही. कवकाची जात, पीक आणि जमिनीची आम्लता यांनुसार फळ पालटते.

विदर्भात याचा कस शेतात नव्हे, तर खाणींच्या ढिगाऱ्यांवर लागला. नागपूर जिल्ह्यातील गुमगाव येथील मँगेनीज खाणीच्या ओसाड मातीवर नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने विसाव्या शतकाच्या अखेरीस साखर कारखान्यातील प्रेसमड, नत्र स्थिर करणारे जीवाणू आणि कवकमूल यांची एकत्र योजना करून वृक्ष वाढविले. यात कवकाचा वाटा किती आणि प्रेसमडचा किती, हे वेगळे काढणे अवघड आहे. श्रेय एकट्या कवकास देणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

अमडापूरसारख्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत मात्र पिकाला भेडसावते ती बहुधा जस्ताची टंचाई. तेथे हेच कवक दूरवर तंतू पसरून मुळापर्यंत जस्त आणून पोहोचवते. टंचाईत पुरवठा आणि अतिरेकात अटकाव, अशी ही दुहेरी वृत्ती आहे. येथे एक विसंगती नोंदविण्याजोगी आहे. स्फुरदयुक्त खतांतून कॅडमियम अल्प प्रमाणात जमिनीत येत राहते. आणि स्फुरद मुबलक मिळू लागला की पीक मुळांतील कवकाला थारा देईनासे होते. म्हणजे धातू आणणारे खतच त्याला रोखणाऱ्या सोबत्याला मुळापासून दूर करते. कोबी-मोहरीच्या कुळाला तर हा सोबती मुळातच लाभलेला नाही.