परभणीचा कालवा आणि कंत्राटदाराचा कर 🧵

१९६५ मध्ये जायकवाडीची पायाभरणी झाली. याच धरणाच्या डाव्या कालव्याचे पाणी पुढे परभणीच्या शिवारात पोहोचले. त्या काळी बांधकाम कंत्राटावर विक्रीकर नव्हता. कारण १९५८ चा गॅनन डंकर्ले निकाल : अविभाज्य कंत्राटात मालाची विक्री होतच नाही.

राज्यांच्या महसुलातील ही फट १९८२ च्या ४६ व्या घटनादुरुस्तीने बुजवली. १ एप्रिल २००५ रोजी महाराष्ट्रात मूल्यवर्धित कर लागू झाला आणि कंत्राटदारापुढे दोन वाटा आल्या.

एक, मजुरी वगळून केवळ मालावर कर. मजुरीचा नेमका हिशेब नसल्यास स्थापत्यकामात ३० टक्के वगळण्याची मुभा. दुसरी आपसमेळ योजना : एकूण किमतीवर सरसकट ५ टक्के, शिवाय खरेदीवरील कराच्या वजावटीतून खरेदी किमतीचे ४ टक्के कापले जात.

मेख इथेच होती! सरसकट दर मजुरीवरही पडे. कोटीच्या कामाला पाच लाख ठरलेलेच, मग सिमेंट कितीही कमी लागो. घामाचे काम जितके अधिक, तितकी ही सोपी वाट महाग. तरीही हिशेबनीस न परवडणाऱ्या लहान कंत्राटदाराला तीच जवळची वाटणे स्वाभाविक होते.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, दोन्ही वाटा मिटल्या. बांधकाम कंत्राट आता कायद्याने 'सेवा' ठरले.