तळटीप ७ : ‘पोस्ट-रॉक’ आणि ‘ॲम्बियंट’

७. पोस्ट-रॉक : इंग्रज समीक्षक सायमन रेनॉल्ड्स यांनी १९९४ साली बार्क सायकोसिसच्या ‘हेक्स’ या अल्बमविषयी लिहिताना वापरलेली व पुढे रूढ झालेली संज्ञा. गिटार, ड्रम ही वाद्ये रॉकचीच. भर मात्र नादाच्या पोतावर. ‘ॲम्बियंट’ हे नाव त्याआधीचे, ब्रायन ईनो यांच्या ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’मुळे (१९७८) रुजलेले. लक्ष देऊन ऐकावे किंवा भोवती नुसते वाहू द्यावे, दोन्ही चालावे, ही त्यांची अपेक्षा. सुरुवातीला काही समीक्षकांनी या अल्बमला हात राखूनच दाद दिली. २०१६ साली ‘पिचफोर्क’ने त्यालाच या प्रकारात पहिला क्रमांक दिला. आपल्याकडे अहमदाबादच्या ‘ॲज वी कीप सर्चिंग’ने ‘झिया’त (२०१७) पोस्ट-रॉकला हिंदी शब्दांची जोड दिली. अशा अल्बमांची परीक्षणे वाचताना ‘यात चाल कुठे आहे?’ हा प्रश्न बाजूला ठेवावा. जात्यावरच्या ओवीला घरघरीचा अखंड सूरच आधार देतो. ती घरघर ज्यांच्या कानांत आहे, त्यांना हे संगीत परके वाटू नये. — संपा.